मायनरची तयारी: किंगपिन, ब्रेक आणि किलोमीटरमागे देणगी

गाडी पुन्हा स्वतःच्या चाकांवर उभी आहे. मागच्या नोंदीनंतर पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन, सगळे ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या झाल्या. रेडिएटर, सामानाची बांधाबांध आणि भरल्या गाडीची चाचणी अजून बाकी आहे.

नव्यांसाठी थोडक्यात: मॉरिस मायनर १०००, १०९८ सीसीचं ए-सीरिज इंजिन, म्हणजे १९६२ नंतरची. आम्ही दोघी ती घेऊन मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी निधी जमवायला लांबच्या पल्ल्यावर निघणार आहोत. देणगीदार किलोमीटरमागे रक्कम देणार आहेत. पैसे थेट संस्थेकडे जातील, पेट्रोल आणि मुक्काम आमच्या खिशातून. एरवी गाडी अडली तर आपली सुट्टी वाया जाते. इथे संस्थेची रक्कम अडते. त्यामुळे तयारीचं गणितच बदललं. रस्त्याच्या कडेला दुरुस्त होईल ते जुनं चालेल. तिथे होणार नाही ते आत्ताच नवं.

या कसोटीवर पहिला नंबर मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या भागाचा. मायनरमध्ये तो चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या पोटात बसवलेला असतो आणि त्याचे बोल्ट काढायला टॉर्शन बार, म्हणजे पुढच्या चाकाला स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आडवा येतो. गाडीचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांनी या गाडीत कितीतरी गोष्टी सुंदर केल्या, ही त्यांतली नव्हे. प्रवासात ते काम करायची माझी तयारी नाही, म्हणून सिलिंडर, चारही ड्रमचे व्हील सिलिंडर आणि रबरी होज एकदमच बदलले. ब्रेक ऑइल डॉट ४. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल धरली की १५५ पर्यंत येऊ शकतो. भरलेली गाडी, लांब उतार आणि ड्रम ब्रेक असले की तापलेलं ऑइल उकळून पेडल खाली जायला हाच फरक पुरतो. उतारावर खालचा गिअर टाकायचा हे ठरलेलं आहे. ब्रेक फक्त थांबायला.

दुसरा नंबर खालच्या ट्रनियनचा, म्हणजे किंगपिनच्या खालच्या टोकाच्या जोडाचा. मायनरवाल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: पुढचं चाक ज्या आट्यांवर वळतं त्या ग्रीसअभावी झिजल्या तर एके दिवशी जोड निसटतो आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. बहुधा हळू वळताना, हे नशीब. दोन्ही बाजू नव्या केल्या. आता दर ८०० किलोमीटरला जॅक लावून, चाकावरचा भार काढून ग्रीसगन मारायची. भार असताना ग्रीस हवं तिथे पोचत नाही. हे काम जोडीदारणीने मागून घेतलंय. कपडे तिचे, मी काय बोलणार!

इग्निशनवर इथे वाद होणार हे माहीत आहे. ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे जुने पॉइंटच ठेवलेत, त्यांच्या जागी येणारं इलेक्ट्रॉनिक किट मी बसवलेलं नाही. ते छान चालतं, पण जातं तेव्हा न सांगता जातं. पॉइंट हळूहळू बिघडतात, गाडी आधी कुरकुर करते आणि फीलर गेज, कानस आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर काम भागतं. गॅप ०.०१५ इंच. खरी काळजी कंडेन्सर आणि रोटरची, कारण नव्या मालाचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून चालत्या गाडीतून काढलेले, पारखलेले जुने सुटे सोबत घेतलेत.

पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं, त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या आर९ दर्जाच्या नळ्या टाकल्या. शिशाचा प्रश्न वेगळा. आमच्या हेडमध्ये कठीण केलेल्या व्हॉल्व्ह सीट नाहीत आणि शिसं नसलेल्या पेट्रोलवर तासन्तास जोरात पळवलं तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत जातात. ते कळतं टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातल्या, गॅपवरून: थंड इंजिनला ०.०१२ इंच ठेवलेली गॅप कमी व्हायला लागली की समजायचं. म्हणून वेग ताशी ७० ते ७५ किलोमीटर. गाडी शंभरावर जाते हो, पण घाई कुणाला आहे? १९६८च्या लंडन–सिडनी मॅरेथॉन या मोटार शर्यतीत शेवटच्या टप्प्यात ल्युसियन बियांकीची सिट्रोएन आघाडीवर होती, समोरून आलेल्या गाडीशी टक्कर झाली आणि जिंकली ती अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, म्हणजे साधी घरगुती गाडी. आमची काही शर्यत नाही, तरी हंटरकडे बघून धीर येतो.

फोनच्या चार्जरची भानगड: मायनरचं पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॉडीच धन. नेहमीचं सॉकेट पत्र्यावर ठोकलं तर चार्जरला उलटा प्रवाह मिळतो. सॉकेट लाकडी फळीवर, बॉडीपासून पूर्ण वेगळं बसवून दोन्ही तारा स्वतंत्र ओढल्या, फ्यूजसकट. आता फोन नीट चार्ज होतो.

किलोमीटर मोजायचे कसे, हा देणगीदारांचा रास्त प्रश्न. आमचं मीटर मैलांत आणि रेडियल टायरमुळे चाकाचा घेर मूळचा राहिलेला नाही. म्हणून जीपीएसशी ताडून फरक काढला. रोज निघताना आणि थांबताना मीटरचा फोटो काढू. टोइंगवर गेलेलं अंतर धरायचं नाही, असं आम्हीच लिहून दिलंय. काहींनी कमाल रक्कम ठरवून घेतली, तेही बरं.

सुट्या भागांत हेड गॅस्केट, वॉटर पंप, फॅन बेल्ट, एसयू बनावटीच्या विजेच्या पेट्रोल पंपाचे पॉइंट. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो मात्र घेत नाही, फक्त त्याचे ब्रश. दिवसा दिवे बंद ठेवले तर चांगल्या बॅटरीवर इग्निशन आणि पंप काही तास सहज चालतात आणि तेवढ्यात गाव गाठता येतं. गाडीच पाऊण टनाची, तिच्यात लोखंड किती भरायचं?

रेडिएटर साफ होऊन आला की सामान, आम्ही दोघी आणि भरली टाकी घेऊन सगळ्यात उभा चढ निवडणार आहे. परतल्यावर इंजिन गार झालं की टॅपेट मोजते आणि आठही आकडे इथे टाकते.