पावाची माळ

रविवार, रात्री साडेदहा

भाचा आठवडाभर राहायला आलाय. जेवताना हॉस्टेलची गाऱ्हाणी सुरू झाली. पातळ वरण, दहाला गेट बंद, वॉर्डनचा दरारा. "मावशी, नुसता गुलाग आहे आमच्याकडे," म्हणाला आणि तिसऱ्यांदा आमटी वाढून घेतली. गुलाग म्हणजे काय रे, असं विचारलं तर म्हणे, "जेल गं. रशियातलं. मीममध्ये असतं ना."

आता त्याला काय बोलायचं! मुळात तो धड शब्दही नाही. सोव्हिएत काळातल्या सक्तमजुरीच्या छावण्यांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याच्या लांबलचक रशियन नावाचं ते छोटं रूप, आपल्याकडे 'पीडब्ल्यूडी' म्हणतात तसं. असलं रुक्ष खात्याचं नाव वॉर्डनच्या नावानं खडे फोडणाऱ्या पोरांच्या तोंडी आलं, ते मुख्यतः एका माणसामुळे. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन, स्वतः छावणीत राहिलेला रशियन लेखक.

ओटा आवरून माळ्यावरून त्याचं 'इव्हान देनिसोविच' हे जुनं पुस्तक काढलं. फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं इंग्रजी भाषांतर, शिवण उसवलेली. इव्हान देनिसोविच शुखोव्ह नावाच्या कैद्याचा छावणीतला एक दिवस, पहाटे रुळावर पडणाऱ्या हातोड्याच्या टोल्यांपासून रात्री पाठ टेकेपर्यंत. पारा उणे २७ च्या आसपास. तेवढ्यावर सुट्टी नसते. कामाला जायचं, भिंत बांधायची. शुखोव्ह चांगली थापी लपवून ठेवतो, कारण हत्यार बरं असलं की काम बरं होतं. कुणासाठी बांधतोय हे विसरून ओळंब्यात भिंत येतेय का ते बघत बसतो. सोल्झेनित्सिननं स्वतः एकिबास्तुझच्या छावणीत गवंडीकाम केलं होतं, ते कळतं.

आणि ते माशाचे डोळे! सूपमध्ये माशाचं डोकं आलं की शुखोव्ह सगळं खातो, काटे, कल्ले, शेपूट. डोळेसुद्धा, पण ते जागेवर असतील तरच. सुटून वाटीत तरंगायला लागले तर नाही. एवढी भूक, तरी हा एक नेम. दरवेळी मी या पानावर थांबते. शेवटी हिशेब येतो: शिक्षेचे असे ३६५३ दिवस. वरचे तीन लीप वर्षांचे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये हे 'नोवी मीर' मासिकात छापून आलं, तेही तेव्हाचा सोव्हिएत नेता, खुद्द ख्रुश्चेव्हच्या परवानगीनं. त्याला स्टालिनचं माप काढायचं होतं, हे उघड आहे. पण मग सुटून आलेल्या कैद्यांची पत्रं लेखकाकडे येऊ लागली. आमच्याकडे असं होतं, आमच्याकडे याहून वाईट होतं. शालामोव्ह हा दुसरा लेखक, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोलिमातल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढलेला. त्यानं कौतुक केलं आणि चिमटाही काढला: तुमच्या छावणीत दवाखान्यापाशी मांजर फिरतंय म्हणे? खऱ्या छावणीत ते केव्हाच कापून खाल्लं असतं. (याला म्हणतात समीक्षा.)

त्या पत्रांतून, भेटींतून २२७ जणांच्या साक्षी जमल्या आणि 'गुलाग द्वीपसमूह' उभा राहिला. सगळा लपूनछपून. अख्खं हस्तलिखित एका वेळी टेबलावर कधीच नसायचं. आपण लेखकाच्या प्रभावाबद्दल बोलतो, पण या पुस्तकात लेखक किती आणि बाकीचे किती, हे मला अजून सांगता येत नाही. एलिझावेता वोरोन्यान्स्काया ही लेनिनग्राडची बाई ते टाइप करायची. १९७३ च्या ऑगस्टमध्ये केजीबीनं, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, तिची दिवसचे दिवस चौकशी केली आणि प्रत हाती लागली. नंतर ती घरी मृतावस्थेत सापडली. मग सोल्झेनित्सिननं बाहेर पाठवलेली प्रत छापायला सांगितलं. डिसेंबरअखेर पहिला खंड पॅरिसमध्ये रशियन भाषेत निघाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याला पकडून विमानात घातलं आणि पश्चिम जर्मनीत नेऊन सोडलं. फ्रान्समध्ये तर ते पुस्तक वाचून डाव्या विचारांची तरुण मंडळी एकमेकांशी भांडू लागली. छावणीचं वर्णन आधी कुणी केलं नव्हतं असं नाही, पण ते ऐकून न ऐकल्यासारखं करता येत होतं.

आमच्या घरी तेव्हा 'सोव्हिएत देश' हा रशियाचा सचित्र प्रचारी अंक यायचा. गुळगुळीत कागद, ट्रॅक्टरवर हसणाऱ्या लालबुंद गालांच्या मुली. त्याची पानं मी वह्यांना कव्हर म्हणून घालायची. पाणी सांडलं तरी वही भिजायची नाही.

मला सोल्झेनित्सिनच्या पुस्तकांपेक्षा त्याची ती माळ जास्त आठवते. कैदेत कागद जवळ ठेवायची सोय नव्हती, म्हणून तो पद्य रचायचा, चिटोऱ्यावर लिहून पाठ करायचा आणि चिटोरा जाळायचा. ओळी मोजायला आधी काड्यापेटीच्या काड्यांचे तुकडे. मग लिथुआनियाच्या कॅथलिक कैद्यांनी त्याला पाव चघळून, मळून मणी करून दिले. दहावा मणी वेगळ्या आकाराचा, म्हणजे न बघता बोटाला कळावा. माळ हातमोज्यात. शेवटी शेवटी १२ हजार ओळी तोंडपाठ होत्या. आजीच्या जपमाळेचा मेरुमणी आठवला. अंधारात तिचं बोटही तिथं बरोब्बर अडायचं आणि माळ उलटी फिरायची.

पुढचा सोल्झेनित्सिन मला सगळाच पचत नाही. १९७८ मध्ये हार्वर्डमध्ये उभं राहून यजमानांनाच फैलावर घेतलं ते ठीक. म्हातारपणी मात्र धर्म आणि राष्ट्र यांचा सूर फार चढला, ज्यूंवर लिहिलेल्या दोन खंडांनी वाद ओढवून घेतला, आणि २००७ मध्ये एके काळी केजीबीत असलेल्या पुतिनच्या हस्ते सन्मानही झाला. पुढच्या वर्षी तो गेल्यावर मॉस्कोतल्या 'मोठा कम्युनिस्ट रस्ता' अशा नावाच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. काही रहिवाशांनी पाट्या काढून फेकल्या. २००९ मध्ये 'द्वीपसमूह' शाळेतही लागला. म्हणजे त्याच्यावर परीक्षेत प्रश्न!

अकरा वाजून गेले. भाचा आत मोबाइल घेऊन पडलाय. सकाळी पोह्यांबरोबर त्याला माशाच्या डोळ्यांची गोष्ट सांगणार आहे. हल्ली तो शाकाहारी झालाय, ते एक आहेच.