पत्ता छापला, कार्यालय बुकच नाही

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गावच्या घरी माटवी बांधत होतो. पुण्याहून सहकारिणीचा फोन. "अरे, तुझ्या शेवटच्या कमिटवर बिल्डच होत नाहीये. 'नॉट अवर रेफ' म्हणतंय."

कळलं, काय झालंय ते. आमचा कोड गिटमध्ये असतो. त्यात बदलांची प्रत्येक नोंद म्हणजे कमिट, आणि 'नॉट अवर रेफ' म्हणजे सर्व्हर म्हणतोय, हे कमिट माझ्याकडे नाही. आमच्या मीटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मीटरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, 'कॉमन' नावाचं फोल्डर आहे. तीन प्रॉडक्टना लागणारा कम्युनिकेशनचा कोड त्यात आहे, म्हणून तो गिट सबमॉड्यूल, म्हणजे मुख्य रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) आत बसवलेला दुसरा स्वतंत्र रेपो. निघायच्या गडबडीत त्यात शिरून सीआरसीच्या (संदेश वाटेत बिघडला का ते तपासण्याच्या) दोन ओळी दुरुस्त केल्या, कमिट केलं. बाहेर येऊन मुख्य रेपोतही कमिट केलं, पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, आणि एसटी पकडली. 'कॉमन'चं पुश राहिलंच.

मुख्य रेपोला सबमॉड्यूलच्या आतल्या कोडशी देणंघेणं नसतं. गिटच्या यादीत साध्या फाइलपुढे 100644 हा प्रकाराचा आकडा असतो, तसं त्या फोल्डरपुढे 160000 असतं आणि शेजारी 40 अक्षरांचा कमिट-नंबर. बस्स. पत्रिकेवर कार्यालयाचा पत्ता छापून गावभर वाटली आणि कार्यालय बुकच केलं नाही, तशी गत. त्यात 'सबमॉड्यूल अपडेट' केलं, म्हणजे फोल्डर त्या नंबरावर आणलं, की आतला हेड (आपण कुठल्या कमिटवर आहोत ती खूण) कुठल्याच ब्रांचवर, म्हणजे नाव दिलेल्या शाखेवर, नसतो, सुटा लोंबकळतो. म्हणजे माझं कमिट ब्रांचवरही नव्हतं. शिवाय निघण्यापूर्वी मी दुसऱ्या ब्रांचवर जाऊन पुन्हा अपडेट मारलं होतं, त्यामुळे फोल्डरमध्ये जुनाच कोड दिसत होता.

लॅपटॉप बॅगेत होता, हे नशीब. नंबर तिच्या एररमध्येच होता. विहिरीपाशी तेवढं नेटवर्क येतं, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन कठड्यावर बसलो. ती सांगत होती, "बी, चार, नऊ, डी फॉर दिल्ली..." सात अक्षरं पुरली. 'कॉमन'मध्ये जाऊन त्या नंबरावर 'वाचव' नावाची ब्रांच काढली, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पुश केली. आत आई ओरडत होती, "आरतीचं सामान कोण काढणार?" असं सुटं पडलेलं कमिट गिट लगेच फेकत नाही. रेफलॉगमध्ये, म्हणजे हेड कुठे कुठे फिरला त्या वहीत, त्याची नोंद सहसा 30 दिवस राहते.

राग आला तो यावर उपाय आधीपासून आहे म्हणून. 'पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स' हे सेटिंग 'चेक'वर ठेवलं, की आतलं कमिट सर्व्हरवर नसेल तर गिट बाहेरचं पुशच अडवतं. पण आपण सांगितल्याशिवाय ते बंद! 'ऑन-डिमांड' ठेवलं तर आतलंही स्वतःच पुश करतं, पण मला आधी विचारलेलं बरं वाटतं.

सबमॉड्यूलऐवजी सबट्री वापरा, असं काही जण सुचवतात. कोड सरळ घरातच येतो, क्लोन करणाऱ्याला (रेपोची प्रत उतरवून घेणाऱ्याला) काही ठाऊक असावं लागत नाही. पण तीन प्रॉडक्टमधल्या दुरुस्त्या मूळ रेपोत परत पाठवत बसायचा मला कंटाळा. मर्क्युरियल या गिटसारख्याच साधनाच्या लोकांनी तर आपल्या सबरेपोला, म्हणजे त्यांच्या सबमॉड्यूलला, 'शेवटचा उपाय' म्हणूनच ठेवलंय.

परतताना तिच्यासाठी मालवणी खाजा आणला. पुडा फोडायच्या आधी तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'सबमॉड्यूल स्टेटस'मध्ये 'कॉमन'च्या नंबराआधी अधिकचं चिन्ह. आता तिच्याकडचं 'कॉमन' भलत्याच कमिटवर होतं.