शुक्रवारचं तेल

हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या आठ दिवसांत एक तरी शुक्रवार येतोच, आणि तेलाचा अंदाज नेमका त्या दुपारी चुकतो. एरवी काळोख पडल्यावर दिवे लावायचे, ते निदान अर्धा तास जळायला हवेत, संपलं. शुक्रवारी सूर्य बुडताच शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस सुरू, मग विस्तवाला हात लावायचा नाही. म्हणून आधी हनुक्काचे दिवे, मग शब्बाथचे, आणि तेही सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं अगोदर. तिथून चांदण्या दिसेपर्यंतचा वेळ आणि वर अर्धा तास धरला, तर सव्वा-दीड तासाचं तेल ओतावं लागतं. बाजारातल्या बारीक रंगीत मेणबत्त्या तोवर केव्हाच आटोपलेल्या असतात.

ऑलिव्हचं तेल उत्तम, पण नीट जळणारं कुठलंही चालतं. डिसेंबरात खोबरेल थिजतं, त्यापेक्षा तिळाचं बरं. वात जाड झाली की काजळी धरते. दिवे एका ओळीत, एका उंचीवर, मध्ये अंतर राखून. एका उघड्या वाडग्यात सभोवार वाती लावल्या तर ते दिवे नव्हेत, ती शेकोटी, असं तालमुद हा ज्यूंचा धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. या उजेडात पैसेसुद्धा मोजायचे नाहीत. शमाश हा जादा दिवा त्यासाठीच. चुकून उजेड कामी आला तर तो त्याच्या नावावर.

तेलाचा हा सण कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना मात्र शेकडो वर्षं ठाऊक नव्हता. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गाव शनिवार तेली म्हणायचं, ते हेच लोक! नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून पूर्वज उतरले ते हनुक्का सुरू होण्याआधीच, अशी त्यांच्यातली समजूत.

आठ दिवे पहिल्या रात्री लावून रोज एक कमी करा, असं शम्माय या जुन्या धर्मपंडिताच्या परंपरेचं मत. त्याचा प्रतिपक्षी हिल्लेल, त्याचं उलट: एकापासून वाढवत न्या, कारण पावित्र्यात चढायचं असतं, उतरायचं नसतं. चालतं हिल्लेलचंच, शमाश धरून ४४ दिवे होतात. माणसाचा स्वभाव मात्र शम्मायनं अचूक ओळखला होता असं वाटत राहतं. सगळा उत्साह पहिल्याच रात्री. म्हणूनच बहुधा नियम दुसऱ्याचा लागला.

नीट लावलेला दिवा विझला तर पुन्हा लावलाच पाहिजे असं नाही. पण तेल मुळात कमी घातलं, किंवा दिवा भर वाऱ्यात ठेवला, तर तो लावलाच नाही असं धरतात. जबाबदारी लावण्यापुरती, पण लावणं मन लावून.

मंदिरातल्या कुपीतलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याची कथा सगळ्यांच्या तोंडी असते. ज्यूंच्या उठावाची हकिगत सांगणाऱ्या मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात ती नाहीच. तिथे आहे ती साफसफाई. इ.स.पू. १६७ मध्ये अँटिओकस चौथा या ग्रीक राजाच्या माणसांनी जेरुसलेमच्या मंदिरातली वेदी बाटवली. इ.स.पू. १६४ मध्ये उठावाचा सेनापती यहूदा मक्काबी आत शिरला तेव्हा दरवाजे जळालेले, अंगणात रान माजलेलं. पडदे, भांडी, दीपवृक्ष नवे करता आले. वेदीच्या दगडांचं काय करायचं? वापरावेत तर बाटलेले, फेकावेत तर त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या बली वाहिलेले. त्यांनी ते उतरवून बाजूला ठेवले: प्रेषित येईल, तो सांगेल. न घडवलेल्या दगडांची नवी वेदी रचली आणि ज्यू पंचांगातल्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेला, विटाळाच्याच तारखेला, पूजा सुरू केली. जुन्याचा निकाल लागेपर्यंत थांबले असते तर सणच झाला नसता.

ते दगड मंदिरातल्या एका दालनाच्या ईशान्येकडच्या खोलीत ठेवल्याची नोंद मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात सापडते. प्रेषित आला नाही. इ.स. ७० मध्ये रोमन आले.