कट्टा बदलणार असेल तर आधी तो मोजून ठेवा

कट्टा पाडणार, सुशोभित करणार किंवा नव्या मालकाकडे जाणार अशी कुणकुण लागली की मुलं म्हणतात, 'आमची जागा गेली.' मोठी माणसं म्हणतात, 'मग दुसरीकडे बसा की!' त्या जागेत नेमकं काय होतं, हे मात्र दोघांपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणूनच नव्या फरशा लागतात, दिवे झगमगतात आणि पोरं तिकडे फिरकत नाहीत.

घर आणि कामाची जागा सोडून माणसं सहज जमतात त्या ठिकाणांना समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या पुस्तकात 'तिसरी जागा' असं म्हटलं. मोठ्यांना अशा जागा पैसे मोजून मिळतात. पंधरा-सोळाच्या मुलांकडे ना पैसे, ना वाहन, ना स्वतःची खोली. त्यांच्यासाठी चालत जाण्याजोगी, फुकट आणि कुणी न हटकणारी जागा म्हणजे तो एकच कट्टा.

तेव्हा मोजणी मुलांनीच करावी. एक आठवडा, रोज ठरलेल्या तीन वेळांना, दहा-दहा मिनिटं. कागदावर जागेचा हाताने नकाशा काढायचा आणि कोण कुठे बसलंय, उभं आहे, तोंड कुणीकडे आहे, हे खुणांनी मांडायचं. मुलगा आणि मुलगी यांची खूण वेगळी. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, कारण हा कागद उद्या अनोळखी माणसांच्या हातात जाणार आहे.

त्यानंतर टेप घेऊन कठडा मोजा. चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीवर आरामात टेकता येतं. रुंदी पाऊण मीटरच्या आसपास असेल तर दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसता येतं, म्हणजे तेवढ्याच लांबीत दुप्पट मुलं मावतात. कोपरा असेल तर फारच उत्तम, कारण काटकोनात बसलं की एकमेकांचे चेहरे दिसतात. सरळ रांगेत मांडलेल्या, मध्ये हात टेकायच्या दांड्या असलेल्या बाकांवर पाच जणांच्या गप्पा होतच नाहीत. दोघं बसतात, तिघं समोर उभे राहतात, रस्ता अडतो आणि तक्रार येते. त्या तक्रारीचं मूळ मुलांच्या वागण्यापेक्षा बाकात जास्त असतं. शहरातल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांचं चित्रीकरण केलं, तेव्हा हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणसं बसण्याआधी ती इंच-दोन इंच सरकवतातच, असं त्यांना दिसलं. आपली जागा आपण लावून घेतली, एवढंच त्या सरकवण्यात असतं. मुलांनाही तेच हवं असतं.

मुलींच्या खुणा वेगळ्या मोजा, यावर मी अडून बसेन. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागांमधून दिसेनाशा होतात, असं आढळलं. एकच मोठं मैदान असलं की ते मुलग्यांच्या ताब्यात जायचं. तिथल्या काही बागांमध्ये जागा लहान-लहान भागांत विभागली, वाटा वाढवल्या, आणि मुली परतल्या. तुमच्या कट्ट्यावरही बाहेर पडायच्या दोन वाटा, रस्त्यावरून दिसेल असा कोपरा आणि उशिरापर्यंत सुरू राहणारा दिवा यांपैकी एक जरी गोष्ट गेली, तरी आधी मुली यायच्या थांबतात. एकूण आकडा पाहून हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. काही ठिकाणी मुलांना हाकलण्यासाठी सतरा किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज काढणारं यंत्र बसवतात. वय वाढतं तशी उंच पट्टीची श्रवणशक्ती आधी कमी होते, त्यामुळे तो आवाज मुलांना टोचतो आणि चाळिशीच्या माणसाला बहुधा ऐकूच येत नाही. 'इथे कसला तरी आवाज येतो,' असं मुलं म्हणाली तर ते खरं धरा.

मागणी मांडायची ती आराखडा कच्चा असताना. काम ठेकेदाराकडे गेलं की फार तर रंग बदलतो. शेकडो सह्यांचा कागद असतो, पण त्यावर 'आमची जागा वाचवा' एवढंच लिहिलेलं, मग समोरचा सहानुभूती दाखवून मोकळा होतो. तीनच मागण्या लिहा, प्रत्येकीला मोजमाप जोडा: कोपऱ्यातला कठडा एवढ्या लांबीचा, दिवा एवढ्या वाजेपर्यंत, काहीही विकत न घेता बसायची मुभा. बोलायला तीन-चार मुलंच जाऊ देत, त्यांत दोन मुली आणि एखादा तेरा-चौदाचा असावा, कारण पुढची चार वर्षं तीच जागा वापरणार आहे तो.

'पर्यायी जागा देतो' याला घाईने होकार देऊ नका. लंडनच्या साउथबँक सेंटर या कलाकेंद्राखालची स्केटबोर्डिंगची जागा २०१३ मध्ये दुकानांसाठी घेऊन मुलांना जवळच्या पुलाखाली हलवायचं ठरत होतं. तिथला उतार, खांब, पायऱ्या हीच आमची जागा आहे, असं खेळणाऱ्यांनी लावून धरलं आणि २०१४ मध्ये ती जागा राखायचा करार झाला.

बांधकामाच्या काळातला घोळ मात्र हमखास होतो. पत्रे लागतात, टोळकं चार ठिकाणी पांगतं, आणि सहा महिन्यांनी जागा खुली होते तेव्हा कुणाला कुणाचा पत्ता नसतो. म्हणून पत्रे लागायच्या आधीच आठवड्यातला एक वार, एक वेळ आणि तात्पुरती जागा ठरवून ठेवा. तिथे दोघंच आले तरी ती वेळ मोडू नका.