लोकसंख्या : एक

अमेरिकेच्या मध्यभागात गाडीने फिरताना माझा एकच छंद असतो, पाट्या वाचण्याचा. प्रत्येक गावाच्या वेशीवर एक छोटी हिरवी पाटी असते. वर गावाचं नाव, खाली लोकसंख्या. दोन्ही बाजूंना तासन् तास मकाच मका असताना करमणुकीला दुसरं असतं तरी काय? आकडा हजाराच्या वर दिसला की निदान कॉफी मिळेल अशी आशा वाटते. शंभराच्या खाली गेला की मी गाडी हळू करायला सांगते, नाहीतर पाटी वाचेपर्यंत गाव संपलेलं असतं. माझ्या या छंदातला कोहिनूर मात्र मी अजून फोटोतच पाहिलाय. तो नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला, बॉइड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), 12 नंबरच्या हायवेवर आहे. गावाचं नाव मोनोवाय. लोकसंख्या 1.

हा आकडा 2010 च्या जनगणनेचा. त्याआधी, 2000 मध्ये, तिथे दोघं राहत होती, रूडी आणि एल्सी आयलर हे नवरा-बायको. 2004 मध्ये रूडी वारले आणि गावाची लोकसंख्या निम्म्यावर आली. उरल्या एल्सीबाई. महापौर त्याच, क्लार्क त्याच, खजिनदार त्याच, आणि गावातल्या एकुलत्या एका बारच्या मालकीण, आचारी, वाढपीही त्याच. रीतसर नगरपालिका असलेलं आणि एकच माणूस राहत असलेलं गाव त्या जनगणनेत अख्ख्या अमेरिकेत हे एकच निघालं.

आता नगरपालिका म्हटली की कागद आले. बारला दारूचा परवाना लागतो. अर्ज मालकीणबाईंनी करायचा, दाखल करून घ्यायचा क्लार्कबाईंनी आणि मंजूर करायचा महापौरबाईंनी. गावावर कर बसवणाऱ्या त्याच आणि भरणाऱ्याही त्याच. त्या पैशांत रस्त्यावरचे चार दिवे जळतात, नळाला पाणी येतं. शिवाय गावच्या रस्त्यांचा आराखडा दरवर्षी तयार करायचा, तो वेगळाच. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा दर वेळी कोरमअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच सात जणांत, त्याच खुर्च्यांवर, पुन्हा सुरू होते. मोनोवायला ही अडचण नाही. एल्सीबाई उठल्या की कोरम पूर्ण. मतभेदाचं मात्र सांगता येत नाही. रस्त्याच्या दुरुस्तीवरून महापौर आणि खजिनदार यांचं एकमत दर वर्षी होतच असेल, असं मला तरी वाटत नाही.

रूडींना वाचनाचं वेड होतं आणि गावात वाचनालय काढायचं त्यांच्या मनात होतं. ते त्यांच्यामागे, 2005 मध्ये, उघडलं. बारशेजारच्या एका खोपटात त्यांची पाच हजारांच्या आसपास पुस्तकं आणि मासिकं मांडली आहेत. दरडोई पुस्तकांच्या हिशेबात मोनोवायशी बरोबरी करेल असं शहर जगात नसावं. पुण्यानेसुद्धा इथे गुमान हार मानावी.

हे गाव मुळात झालं कशाला, हाही प्रश्न आहेच. त्याचं उत्तर रेल्वेत सापडतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षं राहून जमीन कसेल त्याला सरकार 160 एकर जवळपास फुकट देत होतं. माणसं आली, धान्य पिकलं, पण ते बाजारात न्यायचं कसं? घोडागाडी भरून स्टेशनावर जावं, माल उतरवावा आणि अंधाराच्या आत घरी परतावं, एवढ्या अंतरावर स्टेशन हवं. म्हणून रेल्वे कंपन्या रुळांवर दर सात-दहा मैलांनी गावं पेरत गेल्या. 1902 मध्ये बॉइड काउंटीत रूळ आले आणि त्यांच्यासोबत मोनोवाय आलं. 1930 च्या दशकात तिथे सव्वाशे-दीडशे माणसं होती. किराणा होता, पोस्ट होतं, शाळा होती, चर्च होतं.

म्हणजे या गावाचं माप घोड्याच्या दमावर ठरलं होतं. मोटार आली तेव्हाच त्याचं निम्मं काम संपलं. पुढे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आले. जिथे 160 एकरांवर एक कुटुंब राबायचं तिथे आज नेब्रास्कातलं सरासरी शेत हजार एकरांच्या घरात गेलंय. जमीन तेवढीच, माणसं कमी. 1910 मध्ये बॉइड काउंटीत नऊ हजारांच्या जवळपास लोक होते, 2020 मध्ये दोन हजारही भरले नाहीत. दुष्काळाने किंवा रोगराईने गावं ओस पडल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. इथे शेतं हिरवीगार उभी आहेत आणि गावं बेचिराख होत चालली आहेत. त्याच काउंटीतल्या ग्रॉस नावाच्या गावात 2010 मध्ये दोन माणसं होती. मोनोवायच्या मानाने महानगरच.

ही जमीनही तशी रिकामी नव्हती. नायोब्रारा नदीच्या या परिसरात पोंका ही मूळ अमेरिकन, म्हणजे गोरे ज्यांना 'इंडियन' म्हणत त्यांच्यातली, जमात राहत होती. 1877 मध्ये सरकारने त्यांना इथून उठवून आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकलं. तिथे त्यांचा मुखिया स्टँडिंग बेअर याचा मुलगा वारला. मुलाच्या अस्थी नायोब्राराकाठी पुरायच्या म्हणून बाप थंडीत पायी निघाला आणि वाटेत पकडला गेला. 1879 मध्ये नेब्रास्कातल्याच ओमाहा शहराच्या कोर्टात त्याची सुटका मागितली गेली, तेव्हा सरकारी वकिलाचं म्हणणं असं, की इंडियन हा कायद्याच्या दृष्टीने 'माणूस'च नाही, त्याला दाद मागताच येणार नाही. न्यायमूर्ती डन्डी यांनी ते फेटाळलं आणि स्टँडिंग बेअर सुटला. ज्या मुलखात एका माणसाला माणसांत धरायचं की नाही यावर खटला चालला, तिथेच आज एका बाईची नगरपालिका आहे. मोजणीचा आणि या मातीचा काहीतरी जुना हिशेब असावा.

एल्सीबाईंबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या एकटेपणाने गहिवरतात. मला ते पटत नाही. 1971 पासून चालत आलेल्या त्यांच्या बारमध्ये आजूबाजूचे शेतकरी, ट्रकवाले, शिकारीला आलेले लोक येऊन जेवतात, पत्ते खेळतात, कुणाच्या गाईला काय झालं याची चर्चा करतात. पाटीवरचा आकडा रात्री गावात कोण झोपतं एवढंच मोजतो, दुपारी कोण जेवायला येतं ते नाही. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत समोरच्या दाराआड कोण राहतं हे ठाऊक नसलेल्या माणसाने, म्हणजे माझ्यासारखीने, त्यांना बिचारी म्हणण्यात काही अर्थ नाही.

मग आली 2020 ची जनगणना. मोनोवायची लोकसंख्या निघाली 2. शंभर टक्के वाढ! गावात नवं कोण आलं, हे एल्सीबाईंनाच ठाऊक नव्हतं. झालं होतं असं, की एका माणसाच्या गावाचा लोकसंख्येचा तक्ता म्हणजे त्या माणसाचा बायोडेटाच. वय, वंश, सगळं उघडं. अशी माहिती फुटू नये म्हणून जनगणना खात्याने त्या वर्षी छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ केली. राज्याची बेरीज अचूक, आतले आकडे जरासे हललेले. खासगीपणा जपण्यासाठी सरकारने एल्सीबाईंना कागदावर शेजारी दिला. त्याच्याकडून कर वसूल होत नाही आणि तो बारमध्येही येत नाही.

अमेरिकेत जनगणनेचे मूळ अर्ज 72 वर्षं बंद असतात. 1950 चे 2022 मध्ये खुले झाले. त्या हिशेबाने मोनोवायला 2020 मध्ये नक्की किती जण राहत होते, याचा कागद 2092 मध्ये बघायला मिळेल.