थिरथिऱ्या

स्मरणिकेसाठी लिही म्हणून कमिटीचे तीन फोन आले. खरं सांगतो, निबंधात मला 10 पैकी 4 च्या वर कधी मिळाले नाहीत, तेव्हा सांभाळून घ्या. बॅचच्या ग्रुपवर माझं नाव अजूनही "थिरथिऱ्या" आहे आणि ते का, हे बायकोलासुद्धा नीट माहीत नाही, तर तेवढं एकदाचं सांगून टाकतो.

नववीत होतो, डिसेंबर 1993. जीवशास्त्राच्या सरांना पक्ष्यांचं वेड. रविवारी स्वारगेटहून सिंहगडची पहिली पीएमटी पकडून आम्ही 14 जण आतकरवाडीला उतरलो. गडावर जायचंच नाही, खालच्या दरीत ओढ्याकडेने हिंडायचं हे कळल्यावर अर्ध्यांची तोंडं पडली, कारण सगळा जीव वरच्या पिठलं-भाकरीत आणि मडक्यातल्या दह्यात. सरांनी भडक कपडे नकोत असं आदल्या दिवशीच बजावलेलं आणि माझ्याकडे स्वेटर एकच, आजीने विणलेला, लालभडक! सर म्हणाले शर्टाच्या आत घाल, पण शर्ट इतका तंग की बटणं लागेनात, शेवटी पिशवीत कोंबला आणि नुसत्या शर्टावर निघालो. त्या दरीत ऊन उतरायला किती वेळ लागतो ते गेलेल्यांना विचारा.

दुर्बीण एकच, सरांची. माझा नंबर येईपर्यंत पक्षी उडालेला असायचा. नीलांग मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसला, सुकलेल्या फांदीच्या शेंड्यावर, अख्खा निळा. हा थंडीपुरता हिमालयातून येतो म्हणे. ओढ्यात शीळकरी कस्तूर होता, त्याची शीळ पावसाळ्यात ऐकायची, त्या दिवशी नुसता कर्कश किंचाळून गेला.

परत येताना वाडीजवळच्या दगडी बांधावर एक छोटा पक्षी, वरून काळा, पोट तांबूस. बसायचा, टुणकन वाकायचा आणि शेपूट थरथरवायचा. सर कुजबुजले, हा थिरथिरा, ब्लॅक रेडस्टार्ट, आणि थंडी वाजते म्हणून नाही हं, ती त्याची सवयच आहे. मागून एकजण म्हणाला, "सर, आपल्याकडे पण एक आहे, पण ह्याला थंडीच वाजतीये." माझे दात तेव्हा अक्षरशः वाजत होते. सगळ्यांना गप्प करणारे सर स्वतःच इतके मोठ्याने हसले की पक्षी भुर्रकन गेला. मग त्यांनीच पिशवीतून स्वेटर काढून माझ्या अंगात घातला, म्हणाले आता कोण बघायचंय राहिलंय.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तो शोधतो. जंगलात जावं लागत नाही, आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीवरसुद्धा येतो.

या लेखासाठी परवा सरांना फोन केला. ऐकू कमी येतं आता, नाव तीनदा ओरडून सांगितलं तरी कळेना, मग म्हटलं "थिरथिऱ्या". लगेच म्हणाले, "अरे, मग असं सांग ना! आला का यंदा?"

म्हटलं, ऑक्टोबरातच आला सर.