लेकनहीथचे पॉपलर आणि आमच्या रस्त्यावरचे वड

मे महिन्यात केंब्रिजला ताईकडे होते, तेव्हा एका रविवारी भाऊजींच्या मागेच लागले आणि आम्ही सफोकमधल्या लेकनहीथ फेन या दलदलीच्या पक्षी अभयारण्यात गेलो. मला तिथली पॉपलरची राई बघायची होती, कारण ब्रिटनमध्ये युरेशियन हळद्या हा पिवळाधमक पक्षी वीण करायचा ते हमखास ठिकाण एकेकाळी हेच. आणि ही झाडं लावली कशाला, तर ब्रायंट अँड मे या काडेपेटीवाल्या कंपनीच्या काड्यांसाठी! पुढे काड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, बरेच पॉपलर तुटले आणि पक्षी कमी कमी होत गेला.

दोन तास कान लावून बसलो. पॉपलरची पानं अशी सळसळतात की पाऊसच आला वाटतं. कक्कू ओरडला, लांबवर क्रौंचांची जोडी दिसली (जुन्या गाजराच्या शेतांची आरएसपीबी या तिथल्या पक्षीसंरक्षण संस्थेने परत दलदल केलीय, खरंच कौतुक आहे), पण हळद्याची ती बासरीसारखी शीळ काही आली नाही. फार वाईट वाटलं.

आपला हळद्या याचा सख्खा भाऊ, दिसायला इतका सारखा की कितीतरी वर्षं दोघांना एकच जात धरायचे. खरं तर कर्नल साईक्स या इंग्रज पक्षीअभ्यासकाने १८३२ मध्येच त्याला वेगळं नाव दिलं होतं, ओरिओलस कुंडू, आणि ते आपल्या दख्खनमधल्याच पक्ष्यांवरून! युरोपातल्या नराची काळी पट्टी चोचीपासून निघून डोळ्यापाशी थांबते, आपल्याची डोळ्याच्या मागे जाते, काजळाची रेघ बाहेर ओढावी तशी. युरोपातला हिवाळ्यात आफ्रिका गाठतो, आणि आपल्याकडे थंडीत उत्तरेतले हळद्येही खाली उतरतात.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत दोघंही 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे जगाचा हिशोब केला तर धोका नाही. पण त्याच युरेशियन हळद्याचं नाव ब्रिटनच्या स्वतःच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत, गेलं होतं, त्यामुळे तो शिक्का वाचून मला आता हायसं वगैरे वाटत नाही.

डिसेंबरात फलटणला घरी आले तर पहिल्याच सकाळी आई म्हणाली, "अगं, तुझा पिवळा आलाय बघ वडावर." धावत गेले. पिकलेली लाल फळं एकेक करून खात होता, डोळ्यामागची रेघ दुर्बिणीशिवाय दिसली इतका जवळ! आणि त्याच्या खाली बुंध्यावर रस्ता रुंदीकरणवाल्यांनी पांढऱ्या पट्ट्यावर लाल रंगात नंबर टाकलाय, १४७.